तीन बैठका, चौदा माणसं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुंबईच्या पूर्व उपनगरातली सातमजली अकरा इमारतींची पुनर्वसन वसाहत, साधारण आठशे घरं. तुमच्या संस्थेकडे दीड वर्षाचा निधी आहे आणि त्यातून जिने, अंगण, कचऱ्याची व्यवस्था, इमारतींमधल्या मोकळ्या जागा असं सगळं सुधारायचं आहे. तीन बैठका बोलावल्यात, तिन्हींना मिळून चौदा माणसं आली, आणि तीसुद्धा पाण्याच्या आणि लाइटच्या बिलावरून, कुठल्याशा जुन्या ठेकेदारावरून भांडून गेली. तुम्ही विचारताय, ‘यांना स्वतःच्याच वसाहतीत रस कसा नाही? सहभाग वाढवायला काय करावं?’

मी बावीस वर्षं अशाच वसाहतींमध्ये वस्ती संघटक म्हणून काम केलं, बहुतेक गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात. त्यातली पहिली सहा-सात वर्षं तुम्ही आज करताय तेच करत होते. बैठकीत बिलाचा विषय निघाला की आम्ही म्हणायचो, ‘तो आपला विषय नाही, आपण अंगणाबद्दल बोलू या.’ पुढच्या बैठकीला कोणी फिरकलं नाही की ऑफिसात चहा पीत एकमेकांना सांगायचो, लोक फार उदासीन आहेत बाई.

तेव्हा आधी निदान. रस नाही असं नाहीच. चौदा माणसं कामधंदा सोडून आली आणि बिलावर भांडली, म्हणजे त्यांनी तुमच्या हातात विषयपत्रिका ठेवली. तुम्हाला ती नको होती, एवढंच.

बिलाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण अशा वसाहतीत सगळं तिथेच अडकलेलं असतं. पालिकेचं पाणी येतं ते खालच्या टाकीत. ते गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंप. पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सोसायटीच्या सामाईक मीटरवर. मीटरचं बिल भरायचं तर घरोघरचा मेंटेनन्स गोळा व्हायला हवा. पण वाटपपत्र ज्याच्या नावावर तो राहायला दुसरीकडे, घरात भाडेकरू. भाडेकरू म्हणतो मालक भरेल, मालक फोन उचलत नाही. काही घरं खरोखर अडचणीत असतात, आणि काही जण शेजारचा भरत नाही म्हणून भरत नाहीत. थकबाकी साचते, लाइट कापली जाते, पंप थांबतो. मग पाचव्या-सहाव्या मजल्यावरची बाई दोन हंडे घेऊन जिना चढते. संध्याकाळी तुम्ही तिला विचारता की अंगणात तुम्हाला बाक कुठे हवेत!

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जुन्या नियमांत दर घरामागे २०,००० रुपयांची ठेव ठेवायची तरतूद होती. तिच्या व्याजातून देखभालीला हातभार लागावा हा हेतू. मला भेटलेल्या कितीतरी कमिट्यांना आपल्या नावाने अशी काही रक्कम कुठे पडली असेल याचा पत्ताच नव्हता. तुमची वसाहत कोणत्या योजनेतली आहे आणि तिला असा काही निधी लागू होता का, हे पहिल्या आठवड्यात शोधा. हा कागद शोधून दिलात तर दहा बैठकांचं काम होईल.

आता ही माणसं इथे आली कशी ते आठवा. रेल्वे आणि रस्ते सुधारण्याच्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला २००२ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज मंजूर झालं. रुळांलगतच्या आणि रस्त्यांच्या आड येणाऱ्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं हलवली गेली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशीनाका या वसाहती त्यातूनच वसल्या. घर मिळालं २२५ चौरस फुटांचं. पक्कं घर मिळालं याचा आनंद खोटा नव्हता, हेही सांगते. रुळांशेजारी पोर वाढवलेल्या बाईला दाराला कडी लावून झोपता आलं, हे मी पाहिलंय. पण काम, शाळा, उधार देणारा वाणी, पोर सांभाळणारी शेजारीण, सगळं मागे राहिलं. आणि इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने या भागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला. ऊन आणि वारा पोचत नाही अशा घरांत क्षयरोग जास्त, असं त्यात दिसलं. तिथल्या बायकांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

या सगळ्यात त्यांना विचारलं गेलं नव्हतं असंही नाही. सर्वेक्षणं झाली, फोटो काढले, अंगठे घेतले, दारावर खडूने नंबर टाकले. आणि जिथे जमलं तिथे लोक लढलेही. २००४ मध्ये रस्त्यात बाधित होणाऱ्या दुकानदार-रहिवाशांनी थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रारी नेल्या आणि २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचा पैसा काही महिने रोखून धरला. बँकेच्या मुख्यालयापर्यंत, वॉशिंग्टनला तक्रार नेणाऱ्या माणसांना उदासीन कसं म्हणायचं?

मुंबईतल्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाकडे बघा. २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर. तिथले रहिवासी कितीतरी वर्षं अडून बसले. आधी करार हातात द्या, मग खोली सोडतो, म्हणाले. वरळीत पहिल्या ५५६ घरांचा ताबा मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडला. उशीर झाला खरा, पण त्यांच्याशी बोलावं लागलं, कारण त्यांनी खोली सोडल्याशिवाय सरकारची वीट हलत नव्हती. तुमच्या वसाहतीतल्या माणसांकडे अडवून धरण्यासारखं काही उरलेलं नाही. बैठकीला न येणं हा एकच नकार त्यांच्या हातात आहे, आणि तो ते देताहेत.

पुढे जाण्याआधी, कशावर काय अवलंबून आहे ते सांगते, म्हणजे माझं उत्तर जसंच्या तसं उचलणार नाही. सोसायटी नोंदलेली आहे का आणि कमिटी खरी आहे की कागदावरची? इमारतीचं सोसायटीकडे हस्तांतर पूर्ण झालंय, की ती अजून सरकारी प्राधिकरणाच्याच गळ्यात आहे? भाडेकरूंचं प्रमाण किती? वाटपानंतर ठरावीक वर्षं घर विकायला बंदी असते, त्यामुळे बरेच व्यवहार स्टॅम्पपेपरवर झालेले असतात. अशा घरातला माणूस यादीत नाव द्यायला घाबरतो. तो आला नाही तर राग धरू नका. वसाहतीत बिल्डरची माणसं फिरताहेत का, हेही बघा. ‘पाच वर्षांत पाडून टॉवर होणार’ अशी कुजबुज एकदा सुरू झाली की जिना रंगवायला कोण पुढे येईल? संक्रमण शिबिर असेल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे माणसं वीस-वीस वर्षं ‘तात्पुरती’ राहतात आणि तात्पुरत्या घराला कोणी जीव लावत नाही. निवडणूक तोंडावर असेल तर आचारसंहिता संपेपर्यंत मोठ्या बैठका घेऊच नका, तुमच्या मांडवात दुसऱ्याचंच भाषण होईल.

हे सगळं धरून, मी काय करायला शिकले ते सांगते.

सगळ्यात आधी हॉल सोडा. बैठक जिन्यात घ्या, एका मजल्याची. दहा-अकरा दारं, माणसं आपापल्या उंबऱ्यावर बसतात, पोरं मध्ये लुडबुडतात. हॉलमध्ये कधी तोंड न उघडणारी बाई स्वतःच्या दारात बसून फाडफाड बोलते. वेळ त्यांची. घरकामाला जाणाऱ्या बायका दोनला परततात, मग पाणी, स्वयंपाक. नाक्यावर उभे राहणारे पुरुष रात्री. रिक्षावाले दुपारी. अकरा इमारती गुणिले सात मजले म्हणजे बैठका सत्त्याहत्तर होतात, मान्य. दोघांनी रोज दोन केल्या तर सव्वा महिन्यात उरकतात. दीड वर्षातला सव्वा महिना जास्त नाही, पण निधी देणाऱ्यांना तो पटवणं हे तुमचं काम. मी एकदा ते केलं नाही आणि घाई केली, त्याची गोष्ट पुढे येतेच आहे.

जिन्यातल्या बैठकीत काय कळतं ते बघा. एका वसाहतीत दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत कचऱ्याचा थर गुडघाभर साचलेला असे. आम्ही ‘कचरा खाली टाकू नका’चे फलक लावले, पोरांकडून पथनाट्य करून घेतलं. फरक शून्य. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका मावशींकडे बसले. दुपारचे साडेतीन, ट्यूबलाइट लावून तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, तर निवडता निवडता वर न बघता म्हणाल्या, ‘ताई, घंटागाडी साडेसातला येते. मी सहाला बाहेर पडते, चार घरची भांडी असतात. डबा दारात ठेवला तर शेजारीण भांडते, घरात ठेवला तर घूस येते. लिफ्ट बंद. तुम्हीच सांगा, कुठं ठेवू?’ मग ताटातला खडा उचलला आणि खिडकीतून खाली टाकला. दोघी हसलो.

गल्लीचा प्रश्न स्वच्छतेच्या सवयीचा नव्हताच, घंटागाडीच्या वेळेचा होता. रात्री नऊला मजल्यामजल्यावरून डबे उचलायचे आणि सकाळी गाडीला द्यायचे असं ठरलं, घरामागे महिन्याला तीस रुपये. आता इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अहवालात ती कधी येत नाही. ते काम कोण करणार, असं विचारलं तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा एकाच घराकडे वळल्या. का वळल्या हे तुम्हाला सांगायला नको. त्या घरातला मुलगा उठून निघून गेला. आम्ही मग ते काम सर्वांनी पाळीपाळीने करायचं ठरवलं. पाळी दोन महिने टिकली. नंतर बाहेरचा माणूस पगारावर लावला. आदर्श उत्तर नाही, मला माहीत आहे. पण ‘समाज’, ‘रहिवासी’, ‘लोक’ असे शब्द आपण लिहितो तेव्हा त्या एका शब्दात किती उंबरे असतात ते त्या रात्री कळलं. लोकसहभाग म्हणून जे काम वाटलं जातं, ते कोणाच्या अंगावर पडतं याकडे डोळे उघडे ठेवा.

दुसरं, काही विचारण्याआधी एक देणं फेडा. प्रत्येक वसाहतीत आधीच्या कोणीतरी दिलेला आणि मोडलेला शब्द असतो. तुमच्याकडे तो जुना ठेकेदार आहे. तो काय बोलला होता आणि काय केलं नाही, हे खोदून विचारा. बहुतेक वेळा गोष्ट छोटी निघते. गच्चीच्या टाकीचं झाकण, तुंबलेला चेंबर, तिसऱ्या जिन्यातला दिवा. ते पंधरा दिवसांत करून टाका, फलक न लावता, फोटो न काढता. ‘आम्ही त्यांच्यातले नाही’ हे तुम्ही तोंडाने कितीही सांगितलंत तरी कोणी ऐकणार नाही, झाकण बसलं की ऐकतात.

तिसरं, मोजणी त्यांना करू द्या. मुंबईत याची परंपरा जुनी आहे. १९८५ मध्ये स्पार्क संस्थेने भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना केली ती त्या कुटुंबांना सोबत घेऊनच, आणि तिथल्याच बायकांमधून पुढे महिला मिलन ही त्यांची संघटना उभी राहिली. त्या बायकांनी खऱ्या मापाच्या घराचा नमुना उभा करून, आत शिरून, घर कसं हवं ते ठरवलं. नकाशा वाचता येत नाही म्हणून त्यांचं काही अडलं नाही. तुमच्याकडे मोठ्या मुलांना वही द्या. कोणत्या जिन्यात दिवा नाही, कुठे गळतं, रात्री आठनंतर मुली कुठल्या बाजूने जात नाहीत, असं सगळं लिहायला सांगा. कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांना हाकलायचं नसतं, वसाहतीतला कुठला दिवा कधी फुटला हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. (कोणी फोडला हेही ठाऊक असतं, ते विचारू नका.) मोजणी पूर्ण झाली की आकडे प्रत्येक इमारतीच्या दारात मोठ्या अक्षरात लावा, मराठीत, हिंदीत आणि वाचणारे असतील तर उर्दू-तमिळमध्ये. लोक आपल्या इमारतीचा आकडा दुसरीशी ताडून बघतात, तिथून बोलणं सुरू होतं.

आता माझ्या घाईची गोष्ट. एका वसाहतीत मधल्या चौकात बाग करायची होती. मार्चअखेर पैसे खर्च करायचे होते. मी तेव्हा ज्या संस्थेत होते तिने सुंदर आराखडा केला होता, रंगीत, झाडं-बिडं काढलेली. एकच मोठी बैठक घेतली, साठ सह्या मिळाल्या, टाळ्या पडल्या. जाळीचं कुंपण, बाक, पेव्हर ब्लॉक, सगळं वेळेत झालं. पावसाळा संपेपर्यंत कुंपण दोन जागी कापलेलं, बाकांवर रात्री पिणाऱ्यांचा अड्डा. मला राग आला. मग एक आजी मला हाताला धरून घेऊन गेल्या आणि दाखवलं. चौकाच्या ज्या कोपऱ्यात दिवसभर ऊन येतं तो एकच कोपरा होता. तिथे बायका गोधड्या, पापड, मिरच्या वाळत घालायच्या, बाळंतिणी बाळाला घेऊन बसायच्या. आम्ही नेमकं तिथेच कुंपण घातलं होतं. साठ सह्यांत बायकांच्या सह्या होत्या, पण बैठक रात्री साडेआठला आणि आराखडा टेबलावर पसरलेला. टेबलाभोवती पुरुष, बायका मागे उभ्या. कागदावरचा हिरवा चौकोन म्हणजे आपला उन्हाचा कोपरा, हे त्यांना त्या अंतरावरून दिसणार कसं?

तेव्हापासून मी कागद दाखवतच नाही. चुना घेते आणि जमिनीवर खऱ्या मापात आखते, इथे बाक, इथे भिंत, इथून रस्ता. आखणी आठ दिवस तशीच ठेवते. लोक त्यावरून चालतात, पोरं खेळतात, टँकर आला की कुठे अडतो ते कळतं. कोणीतरी पायाने रेघ पुसून दुसरीकडे काढतं. ती पुसलेली रेघ माझ्या हिशोबात शंभर सह्यांच्या वरची. चुन्याचा खर्च शे-दोनशे रुपये.

अजून एक, ज्यात तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं फसतात. ‘तुम्हाला काय हवं ते सांगा’ असं म्हणू नका. लोक लिफ्ट मागतील, मोठं घर मागतील, दवाखाना मागतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. तुमच्याकडे त्यातलं काही नाही. पहिल्याच दिवशी सांगा, ‘इतके लाख आहेत, यातून इमारती एकमेकींपासून लांब सरकणार नाहीत, लिफ्ट नवी येणार नाही. जिने, गल्ल्या, चौक आणि कचरा यांत काय आधी आणि काय नंतर, हे मात्र तुम्ही ठरवायचं, आणि ठरवलंत तसंच होईल.’ दरवाजा अर्धाच उघडा असेल तर तो अर्धा आहे हे सांगावं. लोक रागावतील, पण पुढच्या वेळी येतील. आणि ठरवलेलं तुम्हाला पसंत नसलं तरी करावं लागेल. एका इमारतीने अख्खा वाटा लोखंडी दरवाजावर आणि कुलपावर घातला होता. मला पटलं नव्हतं. पण दुपारी घरात एकट्या असणाऱ्या मुलींच्या आयांनी ते ठरवलं होतं, त्यामुळे मी गप्प बसले. आजही मला तो पैसा वाया गेला असं वाटतं, आणि त्या बायकांना वाटत नाही.

कमिटीला वळसा घालू नका, पण तिच्यावर विसंबूही नका. सेक्रेटरी-चेअरमनला प्रत्येक गोष्ट आधी सांगा, मान द्या, चहा त्यांच्याकडे प्या. ते बिनपगारी शिव्या खाणारे लोक असतात, हे विसरता कामा नये. मात्र निर्णय मजल्यावर होऊ द्या. भाडेकरूंना मजल्याच्या बैठकीत बरोबरीने बसवा, सोसायटीत त्यांना मत नसलं तरी. जिना तेही चढतात.

आणि पैसे. मी आता कुठल्याही कामाला हात घालण्याआधी विचारते की दोन वर्षांनी याचा बल्ब कोण बदलणार, कुणाच्या पैशाने. उत्तर नसेल तर ते काम करू नका, कितीही छान दिसत असलं तरी. जिन्यात सेन्सरचे दिवे लावले तर बिल कमी येईल, हे खरं. पण बिघडले की विद्युत कारागीर लागतो. साधा बल्ब दहावीतला पोरगा स्टुलावर चढून बदलतो.

तर चौथी बैठक हॉलमध्ये घेऊ नका. त्या चौदा जणांची नावं तुमच्याकडे असतील. त्यांच्या घरी जा, एकेकट्याकडे, वही न काढता, आणि थकलेली बिलं बघायला मागा. पंप कुठल्या मीटरवर आहे, थकबाकी किती, शेवटची पावती कधीची आणि ठेवीचा कागद कोणाच्या कपाटात आहे, एवढं समजलं की इथेच खाली लिहा. मग कोणत्या जिन्यापासून सुरुवात करायची ते बोलू.